बैलाच्या दावणीपासून ट्रॅक्टरच्या चावीपर्यंत



आजच्या पत्रकात खताची मात्रा नाही की फवारणीचे वेळापत्रक नाही. आज थोडा इतिहास सांगायचा आहे. हा इतिहास तुमच्या-आमच्या सोप्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा आहे, आणि तो सांगायचे कारणही तसेच घडले.

चार वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातल्या एका गावी मेळाव्यात मी ट्रॅक्टरच्या सुरक्षिततेवर बोललो. बोलता बोलता एक वाक्य ठासून सांगितले : "सत्तरी ओलांडलेल्या माणसाने ट्रॅक्टरला हात लावू नये." समोर बसलेल्या एका तरुण शेतकऱ्याने ते मनावर घेतले. त्याचे वडील तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे. गाव त्यांना आबा म्हणते, आपणही तसेच म्हणू. पंधराच दिवसांपूर्वी त्यांच्या हातून ट्रॅक्टरचे मागचे चाक पाटाच्या कडेवरून घसरले होते. दैव बलवत्तर म्हणून निभावले. मुलाने त्या संध्याकाळी चावी आपल्या खिशात घातली ती घातलीच.

पुढच्या वर्षी ऐन ऊसतोडणीच्या दिवसांत आबा मला कोल्हापुरात शाहूपुरीत भेटले. काखेत पिशवी, पिशवीत नमुन्याला आणलेला फॅनचा तुटका पट्टा आणि हातात काठी. ही काठी वर्षापूर्वी नव्हती. मी विचारले, "आबा, तब्येत कशी आहे?" ते म्हणाले, "माझी ऱ्हाऊ द्या. ट्रॅक्टर तापून बसलाय. पट्टा ढिला पडलेला, पाणी आटलेलं, कुणी बघितलंच न्हाई. हेड उतरवलंय. ऊस फडात वाळतोय." मग थोडे थांबून म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगितलं, पोरानं चावी काढली. बैल गेलं, मोट गेली, गुऱ्हाळ गेलं. आता मी करू तरी काय?"

बी.एस्सी. अ‍ॅग्री.च्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ते शोधायला मला मागे जावे लागले. चला, आम्ही दोघे उभे होतो त्या पेठेपासूनच सुरुवात करू.

गुऱ्हाळातला जाणता

कोल्हापूरला मिरजेहून रेल्वे आली 1891 साली. त्यानंतर चारच वर्षांनी, 1895 साली, छत्रपती शाहू महाराजांनी स्टेशनाजवळ व्यापारी पेठ वसवली. तीच शाहूपुरी. पंचगंगा, भोगावतीच्या काठचा गूळ बैलगाडीतून इथे यायचा आणि रेल्वेने दूरदेशी जायचा. गुळाचा सौदा पुढे मार्केट यार्डात गेला, पण कोल्हापुरी गुळाचे नाव झाले ते या पेठेतून.

त्या गुळाच्या मागे गुऱ्हाळ होते, आणि गुऱ्हाळात कामाची वाटणी कशी होती ते आठवा. जवान गडी ऊस तोडायचे, मोळ्या वाहायचे. चरकात ऊस सारायला हाताचा चपळ माणूस. चुलवाणावर जाळ घालायला वयस्क माणूस चालायचा, पण जाळ कधी वाढवायचा आणि कधी ओढायचा हे त्याला कळावे लागे. आणि सगळ्यांत मोठा मान गुळव्याचा. उकळत्या काहिलीतला थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटाने गोळी होते का पाहायची, आणि त्या क्षणी सांगायचे, "उतरा!" क्षणभर उशीर झाला तर गूळ करपला, लवकर झाली तर ढेप बसली नाही. शाहूपुरीत मिळणारा भाव गुळाच्या रंगावर आणि कणीवर ठरायचा. म्हणजे घराच्या वर्षभराची मिळकत त्या एका जाणत्या नजरेवर टांगलेली असायची. तिथे पिकल्या केसांना किंमत होती, कारण त्यांना काम होते.

लोखंडी नांगर आला

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला. लोकांनी तो हौसेने घेतला असे समजू नका. लोखंडाने जमीन विषारी होते, असे जुने लोक म्हणत. पहिले नांगर खपायला फार दिवस लागले. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथून नांगर गावोगाव गेले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांच्या लोखंडाचे नांगर झाले.

म्हातारी माणसे त्या वेळी चुकली, हे खरेच. नवे अवजार दिसले की नाही म्हणायचे, ही खोड आपल्यात आहे. पण पुढचेही ध्यानात घ्या. नांगर शिवारात आल्यावर तो किती खोल लावायचा, कोणत्या वाफशाला घालायचा, बैल दमले आहेत की कंटाळले आहेत, हे सांगायला तीच म्हातारी माणसे बांधावर उभी होती. कारखान्यातून नांगर आला, पण वाफसा कारखान्यातून येत नाही. मूठभर माती हातात दाबून तो ओळखावा लागतो.

मोट थांबली, इंजिन धडधडले

तिसरी गोष्ट पाण्याची. विहिरीवर मोट असायची, धावेवर बैल मागे-पुढे जायचे आणि पाटाने पाणी यायचे. मोट हाकणे मेहनतीचे काम. पहाटे सुरू करून दिवस कलेपर्यंत भिजायचे ते थोडेसे रान. 1930 च्या दशकात साताऱ्याजवळच्या कूपर कारखान्यात डिझेल इंजिने होऊ लागली. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली. कोल्हापुरात तर उद्यमनगरची वसाहतच ओतकामाची आणि यंत्रकामाची. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी हातच्या कसबावर इंजिने, पंप घडवले. नदीकाठाला इंजिने बसली, पुढे वीज आली, आणि नाडा-सोंदूर माळ्यावर गेले.

मोटेवरचा माणूस घरी बसला का? नाही. त्याचे काम बदलले. इंजिन पाणी ओतत होते, पण ते सरीत नेमके न्यायला दारे धरणारा लागतो. कोणत्या वाफ्याला आधी, कुठे दार मोडायचे, कुठे बांध फुटायला आला आहे हे बघणारा लागतो. खोरे हातात घेऊन पाण्याच्या मागून फिरणारा साठीचा माणूस आपल्या शिवारात अजून दिसतो. अंगमेहनत यंत्राने घेतली आणि राखण माणसाकडे ठेवली. आबांच्या प्रश्नाचे उत्तर इथेच कुठेतरी आहे, असे मला वाटू लागले.

मग ट्रॅक्टर आला

आता मुख्य गोष्ट. जुन्या ट्रॅक्टरमागे नांगर नुसता साखळीने किंवा दांडीने ओढला जायचा. नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टरचे पुढचे तोंड वर उचलायचे आणि तो मागे उलटायचा. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन या शेतकऱ्याच्या मुलाने नांगर तीन ठिकाणी जोडायची आणि तेलाच्या दाबाने उचलायची पद्धत बसवली. 1939 साली अमेरिकेत हेन्री फोर्डबरोबर काढलेल्या ट्रॅक्टरवर ती जगासमोर आली. त्या प्रात्यक्षिकात आठ वर्षांच्या मुलाने नांगरून दाखवले होते. आज तुमच्या ट्रॅक्टरच्या मागे जी तीन जोडांची रचना आहे आणि सीटजवळ जो हायड्रॉलिकचा दांडा आहे, ती त्याचीच देणगी.

आपल्या देशात 1959 साली फरिदाबादला आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला. 1961-62 साली साऱ्या भारतात मिळून 880 ट्रॅक्टर तयार झाले होते. 1963 साली महिंद्राने भागीदारीत ट्रॅक्टर कंपनी काढली. 1974 साली आपल्याच शास्त्रज्ञांच्या आराखड्यावरचा स्वराज आला. आज देशात वर्षाला लाखोंच्या संख्येने ट्रॅक्टर विकले जातात. म्हणजे एका माणसाच्या हयातीत हे सगळे झाले. आबांनी लहानपणी मोट हाकलेली, तरुणपणी लोखंडी नांगर धरलेला, चाळिशीत ट्रॅक्टर शिकलेला. एवढे बदल पचवलेल्या माणसाला नवे शिकता येत नाही असे कोण म्हणेल?

पण आठ वर्षांच्या मुलाने नांगरले, म्हणून ते काम बिनधोक आहे असा अर्थ काढू नका. हायड्रॉलिकमुळे ताकद लागेनाशी झाली, एवढेच त्यावरून कळते. बैल आणि ट्रॅक्टर यांत एक मोठा फरक आहे. बैल ओढ्याच्या कडेला आपणहून थांबतो. अंधारात खड्डा दिसला तर पाय टाकत नाही. मालकाला डुलकी लागली तरी गाडी घराकडे आणतो. ट्रॅक्टरला स्वतःचे डोळे नाहीत. कड, खड्डा, मागे उभे असलेले पोर हे सारे चालवणाऱ्यालाच बघावे लागते आणि क्षणात बघावे लागते. वय झाले की नेमके तेच कमी होते. मोतीबिंदूने कडा पुसट दिसतात, मान मागे वळत नाही, पाय ब्रेकवर जायला वेळ लागतो. रक्तदाबाच्या गोळीने कधी उठताना चक्कर येते.

स्वीडन देशाने हे लवकर ओळखले. 1959 साली तिथे कायदा झाला की नव्या ट्रॅक्टरला चालकावर मजबूत पोलादी चौकट असलीच पाहिजे. ट्रॅक्टर उलटला तरी माणूस खाली चिरडू नये म्हणून. त्यानंतर तिथे उलटून होणारे मृत्यू पुष्कळ घटले. आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॅक्टरांना अशी चौकट नाही, हे लक्षात ठेवूनच पाटाच्या कडेला जा.

म्हणजे मेळाव्यात मी सांगितले त्यात अर्धे बरोबर होते. नजर, कान आणि पाय यांचा भरवसा राहिला नाही, तर चाकावरून उतरावे. ते सत्तरीलाच असे नाही, कुणाचे साठीला, कुणाचे ऐंशीलाही. पण "हात लावू नये" हे माझे वाक्य चूक होते. बैलाला हात लावू नको, असे आपण घरातल्या म्हाताऱ्याला कधी सांगितले होते का? उलट बैलाची राखण त्याच्याकडेच होती.

ट्रॅक्टरचीही दावण असते

आठवा तो पहाटेचा म्हातारा. सगळ्यांच्या आधी उठून कंदील घेऊन गोठ्यात जायचा. बैलाने रात्रीची वैरण खाल्ली का, रवंथ करतो का, नाकपुडी ओली आहे का, खांद्याला सूज आहे का, खुरात काटा आहे का ते बघायचा. बैलाला बोलता येत नाही, म्हणून बघणारा लागतो. ट्रॅक्टरचेही तसेच आहे. रोज सकाळी, इंजिन चालू करण्याआधी, सपाट जागेवर आणि चावी काढून ही कामे करा. दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

1. तेल : इंजिनची तेलपट्टी पुसून पुन्हा घाला आणि पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. खाली गेले तर भरा, वरच्या खुणेच्या वर भरू नका.

2. पाणी : रेडिएटरचे पाणी इंजिन गार असतानाच पाहा. तापलेले झाकण उघडले तर वाफेने तोंड भाजते. जाळीत पाचट, भुसा अडकला असेल तर काढा.

3. पट्टा : फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबा. साधारण अर्धा इंच दबावा. फार दबला तर ढिला, चीर दिसली तर बदला. आबांचा ट्रॅक्टर याच कामाला चुकला.

4. हवा : तेलाचा एअर क्लीनर असेल तर वाटीतला गाळ पाहा. धुळीच्या दिवसांत तेल लवकर बदलावे लागते.

5. डिझेल : फिल्टरच्या वाटीत पाणी साचले असेल तर सोडा. टाकी संध्याकाळी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरते.

6. बॅटरी आणि टायर : बॅटरीत पट्ट्या बुडतील एवढे शुद्ध पाणी हवे. टायरमध्ये काटा, चीर, हवा पाहा. चाकाचे नट हलत नाहीत ना ते पाहा.

7. ग्रीस : पुढच्या आसाला आणि जोडांना पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ग्रीस द्या. चिखलणी केली असेल तर रोज.

ट्रॅक्टर सुरू झाल्यावर धूर पाहा. जाता-येता बारीक काळा धूर चालतो, पण सतत दाट काळा असेल तर एअर क्लीनर तुंबला आहे किंवा ओझे जास्त आहे. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही तर मेस्त्रीला बोलवा. गुळव्या काहिलीचा रंग ओळखायचा, तसाच हा धुराचा रंग ओळखायचा. ही नजर वयाने वाढते.

एक वही करा. तारीख, किती तास चालला, तेल कधी बदलले हे लिहा. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगून लिहवा. दोघांचेही भले होईल.

ज्यांचा स्वतःचा ट्रॅक्टर नाही, भाड्याने नांगरून घेतात, त्यांच्याही घरी राखणीचे काम आहेच. नांगर ठरलेल्या खोलीला लागतो का, वाफसा झाला आहे का, बांधाकडेचा तुकडा सुटतो का, हे बांधावर उभे राहून बघणारा माणूस पैसे वाचवतो.

फिरणाऱ्या दांड्यापासून दूर

एक गोष्ट मात्र कडक पाळा. ट्रॅक्टरच्या मागचा पी.टी.ओ. चा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे एका सेकंदात नऊ. धोतराचा सोगा, गळ्यातला टॉवेल, बाईमाणसाच्या पदराचे टोक त्यात गेले की हात उचलायलाही वेळ मिळत नाही. दांड्यावरचे संरक्षक कव्हर काढू नका. तो फिरत असताना जवळ जाऊ नका, ओलांडू तर नकाच. काही अडकले तर आधी इंजिन बंद, चावी खिशात, मग हात. वर चढता-उतरताना ट्रॅक्टरकडे तोंड करून, दोन्ही हातांनी धरून उतरा. उडी मारू नका.

बसणे म्हणजे हालचाल नव्हे

आता शरीराचे. बैलामागे नांगरणारा माणूस दिवसभर मैलोन् मैल चालायचा. ट्रॅक्टरवर तेच काम बसून होते आणि वर हादरे बसतात, त्याने कंबर धरते. म्हणून ट्रॅक्टर चालवला म्हणजे व्यायाम झाला असे समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की प्रौढ आणि वृद्ध माणसाने आठवड्यात किमान 150 मिनिटे दम लागेल-न लागेल अशी हालचाल करावी. पासष्टीनंतर तोल सांभाळायचा आणि ताकद राखायचा सराव आठवड्यातून तीन दिवस तरी असावा. शेतकऱ्याला त्यासाठी वेगळे मैदान नको. रोज सकाळी शिवाराला एक फेरी, दारे धरणे, बांधावरचे तण खुरपणे, ट्रॅक्टरभोवती वाकून-उठून ही राखण करणे, यात बरेच काही येते. मात्र उन्हाचा तडाखा टाळा, पाणी प्या, छातीत दुखले किंवा चक्कर आली तर काम तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. वर्षातून एकदा डोळे आणि रक्तदाब तपासून घ्या.

हलणे बंद झाले की काय होते ते मी आबांच्या हातातल्या काठीत पाहिले. आणि बघणारा माणूस हटला की काय होते ते त्यांच्या पिशवीतल्या पट्ट्यात.

आबांच्या घरी

त्या भेटीनंतर मी त्यांच्या घरी गेलो. सोप्यावर बसून मुलापुढे कबूल केले की माझा सल्ला अर्धवट होता. बोलता बोलता एक वाटणी ठरली. चाक मुलाकडे. सकाळची तपासणी, ग्रीस आणि वही आबांकडे. आबांनी "चालवा" म्हटल्याशिवाय ट्रॅक्टर अंगणातून हलायचा नाही. मुलाने चावी काढून बापाच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "आबा, सकाळी तुमच्याकडनं मागून घेईन." आबा काही बोलले नाहीत. चावी कनवटीला लावली आणि उठून ट्रॅक्टरकडे गेले. काठी सोप्यावरच राहिली होती. गुडघा काही पूर्ववत झाला नाही, काठी पुन्हा हातात आली. पण त्यानंतर त्यांचा ट्रॅक्टर ऐन हंगामात तापून बसल्याचे मी ऐकलेले नाही.

बंधूंनो, 1956 साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने शेतकरी मंडळांचा प्रयोग केला होता. त्यात आपला कोल्हापूर जिल्हाही होता. गावची माणसे रेडिओभोवती बसून ऐकायची, चर्चा करायची आणि मग काम करायची. आज तेवढेच करा. हे पत्रक रात्री जेवणानंतर घरात मोठ्याने वाचा. चाकावर कोणी बसायचे आणि राखण कोणी करायची ते म्हाताऱ्या माणसांना समोर बसवून ठरवा. त्यांच्या पाठीमागे ठरवू नका.

बेंदराला आपण बैल सजवतो, खंडेनवमीला ट्रॅक्टरला हार घालतो. वर्षाचे बाकीचे दिवस दोघांनाही राखणारा लागतो. तो माणूस तुमच्या सोप्यावर बसलेला आहे. त्याला उद्या सकाळी हाक मारा.

आपला,
एक कृषी विस्तार अधिकारी